येसर : बीडकडील एका मसाल्याची कुळकथा

बीड जिल्ह्याचा इतिहास म्हटला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें सामान्यतः कांहीं ठळक गोष्टी उभ्या राहतात. अंबाजोगाईची योगेश्वरी आणि तेथील मुकुंदराजांची समाधि, परळीचा वैजनाथ, बीड शहराजवळची खजिना विहीर, गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन येथें १७६३ च्या ऑगस्टांत थोरल्या माधवरावांनीं निजामअलीचा केलेला पराभव, आणि १७२४ पासून १९४८ पर्यंत चाललेली आसफजाही. या गोष्टींचें महत्त्व कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु लढाई एका दिवसांत संपते, राजवटी दोन-अडीचशें वर्षांत लयास जातात, आणि चूल मात्र रोज पेटते. त्या चुलीवर जें शिजत आलें त्याला इतिहास नाहीं काय? आहे; तो कोणी ताम्रपटावर कोरून ठेवला नाहीं, एवढेंच. स्वयंपाकघरांतील असाच एक डबा आज आम्ही वाचकांपुढें उघडणार आहों. त्यांतील जिन्नसाचें नांव येसर.

मराठवाड्याबाहेरील पुष्कळ वाचकांस हा शब्द अपरिचित असेल. म्हणून प्रथम वस्तूचा परिचय करून देतों. धान्यें, डाळी आणि खडा मसाला हीं निरनिराळीं भाजून, मग एकत्र दळून केलेली पूड म्हणजे येसर. काळ्या मसाल्याशीं त्याचें नातें जवळचें आहे. पण काळ्या मसाल्यांत धान्य नसतें. मेतकुटाशीं त्याचें रूप जुळतें. पण मेतकूट तूप-भाताशीं तसेंच कालवून खातात, आणि येसर शिजवावा लागतो. मसाला आणि पीठ या दोहोंचें काम तो एकटाच करतो, हें त्याचें वैशिष्ट्य होय. आणि तें त्याच्या अंगीं कां आलें हें सांगणें हाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या घरीं येसराचें सारें काम आजीच्या हातीं असे. फाल्गुन सरून चैत्राचें ऊन पडूं लागलें, कीं ती ज्वारी, बाजरी व गहूं निवडून ठेवी. दुसऱ्या दिवशीं ऊन तापण्यापूर्वींच लोखंडी कढई चुलीवर चढे आणि एकेक जिन्नस स्वतंत्र भाजला जाई. सगळें एकदम कढईंत घालूं नये हा तिचा पहिला नियम. कारण हरभऱ्याची डाळ तांबूस होईपर्यंत जिरें जळून जातें. आधीं धान्य, मग हरभऱ्याची व उडदाची डाळ, मग धणे आणि जिरें. त्यानंतर थोड्या तेलावर लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र, बाद्यान आणि नागकेशर. मग सुक्या खोबऱ्याचा कीस, तीळ, लाल मिरच्या व हिंगाचा खडा. आणि सर्वांत शेवटीं दगडफूल, तेंही नुसतें गरम होण्यापुरतें. धान्य व डाळी मिळून दोन शेर असल्या, तर धणे अर्धा शेर, मिरच्या पावशेर आणि बाकीचा गरम मसाला सगळा मिळून दोन मुठी, असें तिचें साधारण प्रमाण होतें. या मुठी अर्थात् तिच्या. सारें गार झाल्यावर जात्यावर दळून चिनी मातीच्या बरणींत भरलें जाई, आणि बरणीचें तोंड फडक्यानें बांधून ठेवीत.

या येसराची आमटी करणें सोपें आहे. तेलांत लसणाची फोडणी करून तींत पाणी ओतावें, पाण्यास उकळी आली कीं थंड पाण्यांत कालवून ठेवलेला येसर त्यांत सोडावा, मीठ आणि आवडीप्रमाणें चिंच घालावी. कोरडा येसर एकदम उकळत्या पाण्यांत टाकल्यास पिठाच्या गाठी होतात, म्हणून तो आधीं कालवावयाचा. उकळतां उकळतां आमटी आपोआप दाट होते. तींत शिजवलेलें वरण नाहीं, ओला नारळ नाहीं, वाटण नाहीं. धान्य अगोदरच भाजलेलें असल्यामुळें कच्च्या पिठाची चव लागत नाहीं, आणि भाजतांना त्यांतील ओलावा गेलेला असल्यामुळें पूड बरणींत दीर्घकाळ टिकते. बीड, धाराशिव, लातूर या भागांतील लग्नकार्यांत हीच आमटी मोठमोठ्या पातेल्यांतून शिजते, आणि पंक्तींत ती पुनःपुन्हां मागून घेतली जाते.

आतां नांवाकडे वळूं. येसर हा शब्द संस्कृत 'वेसवार' या शब्दापासून आला असावा असें मानण्यास चांगला आधार आहे. अमरकोशाच्या वैश्यवर्गांत वेसवार हा शब्द उपस्कर, म्हणजे अन्नास चव आणणारा कुटलेला मसाला, या अर्थानें आलेला आहे. वैद्यकग्रंथांत मसाले घालून कुटलेल्या मांसासही वेसवार म्हटलें आहे. पण कुटणें आणि मसाला हे दोन्ही अर्थ तेथेंही कायम आहेत. उलटपक्षीं, ज्या 'मसाला' शब्दावांचून आज आपलें एक वाक्यही पुरें होत नाहीं, तो मूळचा अरबी. साहित्य किंवा सामग्री या अर्थाचा तो शब्द फारशीच्या द्वारें आपल्याकडे आला. बहामनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा चार राजवटी बीडच्या मुलुखानें पाहिल्या. दरबारीं फारशी चालली आणि बाजारांत मसाला हा शब्द रूढ झाला. पण लग्नघरच्या आमटींत पडणाऱ्या पुडीचें जुनें नांव बायकांनीं सोडलें नाहीं. राजभाषेचा अंमल बाजारापर्यंत चालला, जात्यापर्यंत पोंचला नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेनें शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ सालचा मानला जातो. त्या काळच्या अंबाजोगाईंत शिजणाऱ्या आमटीस तिखटपणा कशाचा असेल? मिरचीचा नव्हता, हें निश्चित. मिरची तेव्हां अमेरिका खंडाबाहेर कोणास ठाऊकच नव्हती. त्याच शतकांत, ११३१ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. तेथील राजांची सत्ता बीडकडील प्रदेशावरही चालत असे. या ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणांत मांडे आहेत, पुऱ्या आहेत, डाळींचे नाना प्रकार आहेत. त्यांस रुचि आणण्यासाठीं हिंग, जिरें, हळद, आलें, सैंधव आहे आणि तिखटपणासाठीं मिरी आहे. त्या दिवसांत तिखट म्हणजे मिरी, आणि मिरी म्हणजे मलबार. अमरकोशानें मिरीचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत 'धर्मपत्तन' हें एक आहे. जिन्नसास गांवाचें नांव पडावें, इतकी तिची ओळख दूरच्या पेठेशीं जडलेली होती.

असे दूरचे जिन्नस या कोरड्या पठारावर येत कसे, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर नकाशांत आहे. उत्तरेस गोदेकांठीं पैठण आणि दक्षिणेस, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, तेर. या दोन प्राचीन पेठांच्या मधोमध बीडचा मुलूख पसरला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या समुद्रवर्णनांत या दोन्ही पेठांचा उल्लेख आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगर म्हणजे तेर येथून तलम व जाडें कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असें तो सांगतो. आणि समुद्रकांठच्या प्रदेशांतून येणारा इतर मालही तेरला गोळा होई, अशी पुस्ती जोडतो. पुढें याच वाटांवर लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून चालले. राक्षसभुवनासारख्या मोहिमांच्या काळीं दोन्ही बाजूंच्या फौजांस दाणागोटा पुरविणारेही हेच लोक. जेथें मीठ पोंचतें, तेथें मिठाबरोबर चार लवंगा पोंचणें अवघड नसतें.

आजीच्या कढईजवळ मांडलेल्या वाट्या या दृष्टीनें पाहिल्या, तर त्यांत अर्धें जग सांपडतें. लवंग मूळची मोलुक्का बेटांची, जायपत्री बांदा बेटांची. दालचिनी या नांवाचा अर्थच फारशींत 'चिनी लांकूड' असा आहे. बाद्यान दक्षिण चीन व व्हिएतनामकडचा. नांव मात्र फारशी. हिंग इराण-अफगाणिस्तानांतून आला आणि अजूनही बव्हंशीं तेथूनच येतो. हिंगाचें झाड आपल्या देशांत लावून पाहण्याचा पद्धतशीर प्रयोग हिमाचल प्रदेशांत लाहौल येथें सुरू झाला तो थेट २०२० सालीं. तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याचें, खोबरें कोंकण-केरळाचें. यांपैकीं बालाघाटाच्या डोंगरांत किंवा सिंदफणेच्या खोऱ्यांत पिकणारें एकही नाहीं. युरोपांतील गृहिणी दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ यांची पूड करून ती गोड पावांत व केकांत घालतात. ज्या बेटांवरून त्यांचीं गलबतें भरत, त्याच बेटांचा माल आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबरच्या आमटींत उतरला. एकाच जिन्नसाला दोन घरीं दोन निरनिराळीं दैवें लाभावीं, तसाच हा प्रकार झाला.

या मांडणींत मोठी उलथापालथ केली ती मिरचीनें. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला उतरला. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. आणि त्यांच्या जहाजांबरोबर अमेरिकेची मिरची पश्चिम किनाऱ्यावर येऊन तेथून घाटावर चढली. नवी वस्तु जुन्या वस्तूचें नांव घेते, त्याप्रमाणें मिरीवरून तिला मिरची हें नांव मिळालें. अंबाजोगाईचे दासोपंत १६१५ सालीं समाधिस्थ झाले. त्यांच्या आयुष्याचा काळ तोच या नव्या तिखटाच्या प्रसाराचा काळ होय. मिरचीचें महत्त्व केवळ तिच्या झणझणीतपणांत नाहीं. मिरी विकत घ्यावी लागे, मिरची स्वतःच्या मळ्यांत, विहिरीच्या पाटाकडेला लावतां येई. आजपर्यंत तिखट ही पैसेवाल्याची चैन होती. ती आतां ज्याच्या दारीं चार वाफे आहेत त्याची झाली. मिरी येसरांतून अजिबात गेली नाहीं, पण मुठीवरून चिमटीवर आली. भारताच्या स्वयंपाकघरांत गेल्या पांचशें वर्षांत याहून मोठी क्रांति दुसरी झाली नसेल.

पण मिरचीनेंही एक प्रश्न सुटला नाहीं. बाकीचे सुगंधी जिन्नस महागच राहिले, आणि मुलूख गरीबच राहिला. बीड जिल्हा पर्जन्यछायेंत येतो. पाऊस वर्षाकांठीं सरासरीनें ७०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही लहरी. आष्टी-पाटोद्याकडे तर त्याहून कमी. पीक ज्वारीचें व बाजरीचें, जोडीला तूर, हरभरा, करडई. अशा घरांत लग्न निघालें, पांचशें माणसें पंक्तीस बसावयाचीं आहेत, वरणास पुरेल इतकी डाळ नाहीं, नारळ तर दृष्टीसही पडत नाहीं. मग आमटी दाट कशानें करावी, आणि दोन मुठी गरम मसाला पांचशें पानांपर्यंत कसा पोंचवावा? याचें उत्तर येसर. जें घरच्या कणगींत आहे त्या धान्याच्या पाठीवर दूर देशाच्या सुगंधाचें ओझें द्यावयाचें. लमाणांनीं बैलावर लवंग आणली. आमच्या बायकांनीं ती ज्वारीवर लादून शेवटच्या पानापर्यंत नेली. म्हणून आम्ही म्हणतों, कीं येसर ही टंचाईंतून निघालेली युक्ति आहे. आणि युक्ति इतकी साधली, कीं पुढें ज्यांच्या घरीं डाळ-नारळास तोटा नव्हता तेही लग्नांत तीच आमटी मागूं लागले.

दुष्काळाचें नांव निघालें म्हणजे या जिल्ह्यांत १९७२ चा उल्लेख आल्यावांचून राहत नाहीं. त्या वर्षीं खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या माणसांनीं सरकारी सुकडी खाल्ली आणि परदेशांतून आलेल्या मिलो नांवाच्या लाल ज्वारीच्या भाकरी भाजल्या. ती भाकरी घशाखालीं उतरत नसे, असें सांगणारीं माणसें अजून गांवोगांव आहेत. आमच्या घरीं त्या वर्षीं मागील सालचा अर्धी बरणी येसर शिल्लक होता. आजीनें तो आठ महिने पुरविला; रोज तांब्याभर पाण्यास एक चमचा. "आमटी पातळ होती, पण आमटी होती," एवढेंच ती त्या वर्षाविषयीं बोलत असे.

महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ १९५० सालीं प्रवरेकांठीं झाला. पुढें कारखाने वाढत गेले तशी ऊस तोडण्यास माणसें लागूं लागलीं, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बीडहून निघणारी ती वाट अधिकच रुळली. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेलीं हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. पांच-सहा महिने कोपींत राहावयाचें, पहाटेच्या अंधारांत फडांत जावयाचें, आणि परत येऊन तीन दगडांच्या चुलीवर रांधावयाचें. अशा बाईस वाटण करण्यास वेळ कोठून असणार? तिच्या सामानांत पिठाच्या डब्याशेजारीं घरच्या तिखटाचा किंवा येसराचा डबा असतो, तो हौसेखातर नव्हे. ज्या पुडीनें शेंकडों माणसांची पंक्त निभावली, तीच पुडी दोन माणसांची रात्र निभावते. लग्नाचा मांडव आणि उसाचा फड यांत अंतर किती! पण दोन्हीकडे गरज तीच : थोड्या सामग्रींत, थोड्या वेळांत, अन्नास अन्नपण आणावें.

येथें कोणी आम्हांस असा प्रश्न करील, कीं आतां बाजारांत सर्व प्रकारचे तयार मसाले मिळतात. बचतगटांच्या बायकाही येसर करून पिशव्यांतून विकतात. मग घरीं उन्हांत बसून कढई ढवळण्याचा आग्रह कशास? या आक्षेपांतील खरेपणा आम्ही मान्य करतों. जात्यावर पहाटेपासून दळतांना ज्या ओव्या निघाल्या त्यांचें कौतुक आपण करतों, पण तें जातें ओढणारा हात आपला नव्हता. गिरणी आली, मिरची-मसाला कांडणारा डंक आला, त्यामुळें बायकांचे खांदे मोकळे झाले. त्याबद्दल दुःख मानणें हा अप्रामाणिकपणा होईल. बचतगटांच्या येसरानें कांहीं घरांत चार पैसे येतात, हेंही चांगलेंच. आमचें म्हणणें एवढेंच आहे, कीं यंत्रानें दळण्याचें काम घ्यावें, प्रमाण ठरविण्याचें काम घेऊं नये.

कारण हीं प्रमाणें कोठें लिहिलेलीं नाहींत. मराठींत पाकशास्त्राचीं पुस्तकें निघून दीडशें वर्षें होऊन गेलीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ चें, लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' १९१० चें, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. या ग्रंथांनीं मोठें काम केलें. परंतु पुस्तकांत एका पदार्थाचें एक प्रमाण येतें, आणि येसर घरागणिक निराळा असतो. कोणाकडे बाजरी अधिक, कोणाकडे गहूं. कोणी तांदूळ घालतो, कोणी कांदा तळून घालतो. आष्टीकडचा तिखट, परळीकडचा सौम्य, असेंही आम्हीं चाखलें आहे. त्या फरकांत त्या त्या घराचें शेत, त्याची ऐपत आणि माहेराहून आलेल्या सुनांची चव साठलेली असते. तें सर्व बाईच्या मुठींत असतें, आणि मूठ मिटली कीं जातें.

आमच्या घरीं तसेंच झालें. आजी गेल्यावर दुसऱ्या चैत्रांत आईनें व काकूनें मिळून येसर केला. जिन्नस तेच, दुकान तेंच, कढईही तीच. आमटी पानांत पडली तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं; मग काकू म्हणाली, "वहिनी, धणे कमी पडले का हो?" आई म्हणाली, "धणे नव्हेत, दगडफूल." पुढील वर्षीं त्यांनीं दगडफूल वाढवून पाहिलें, त्यापुढील वर्षीं मिरी. चव जवळ आली, पण ती आली नाहीं. आजीच्या दोन मुठी म्हणजे किती, हें तिच्या हयातींत तराजूवर घालून पाहण्याचें आम्हां शिकल्यासवरल्या माणसांस सुचलें नव्हतें. राक्षसभुवनची तारीख आम्हांस पाठ होती.

म्हणून ज्यांच्या घरीं येसर, काळा मसाला, मेतकूट, अशी एखादी बरणी अजून घरच्या हातानें भरली जाते, त्यांस आमची एक विनंति आहे. येत्या चैत्रांत कढई चढेल तेव्हां वही आणि तराजू घेऊन तिच्याजवळ बसावें. मूठ भरली, कीं ती कढईंत पडण्यापूर्वीं तोलून घ्यावी. कोणता जिन्नस कोणानंतर पडला, किती रंगावर उतरला, तें लिहावें. आणि खालीं करणारीचें नांव, तिचें माहेर व तिथि घालावी. हें काम तासाभराचें आहे. आमच्याकडील वहींत आज आईचें प्रमाण लिहिलेलें आहे. आजीच्या नांवापुढील पान कोरें आहे.